आत्याबाईंचा ऑक्सिजन

तुम्ही हसणार हे धरूनच सांगते. त्या दिवशी दवाखान्यातली सिस्टरसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसली होती.

चामोर्शीकडे आमची बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसं तळं, त्यात आम्ही मासोळ्या पाळतो. सातबारा सासूबाईंच्या नावावर. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मागच्या साली ढगाळ हवेत एका पहाटे पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि अर्ध्या मासोळ्या पोट वर करून तरंगल्या. म्हणून यंदा बोडीत एक यंत्र सोडलं. वर सोलरची पाटी, खाली सेन्सर. ऑक्सिजन घटला की मोबाइलवर मेसेज.

बसवणाऱ्या इंजिनिअरनं विचारलं, "नाव काय टाकू?"

मला वाटलं, मालकाचं विचारतो. आत्याबाईंचं सांगितलं, "पार्वताबाई."

दोन महिने मेसेज आलाच नाही. मी यंत्र विसरूनही गेले.

मग एक दिवस मी मुक्कामाला मार्कंड्याला, बहिणीकडे. नवरा राजुऱ्याला, खाणीत ड्युटीवर. आत्याबाईंना खोकला, म्हणून त्या घरीच. सकाळी सकाळी मोबाइल वाजला. 'पार्वताबाई : ऑक्सिजन धोकादायक पातळीवर. तातडीने हवा द्या.'

करोनात माझे वडील ऑक्सिजन न मिळून गेले. आता सांगा, मी पुढचं वाचणार होते का?

शेजारच्या नामदेवभाऊंना फोन लावला. त्यांचा ऑटो आहे.

"भाऊ, आत्याबाईले दवाखान्यात न्या. ऑक्सिजन संपून राह्यला त्यायचा."

"अवो, पण बाई तं अंगण झाडून राह्यल्या."

"झाडू हिसका अन् बसवा."

बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीवर मी रडत दवाखान्यात पोचले. आत्याबाई खाटेवर, बोटाला चिमटा, डोळे माझ्यावर वटारलेले.

"काऊन वं, मले काय झालं?"

"ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे," सिस्टर म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगला. तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी मोबाइल पुढे केला. तिनं मेसेज शेवटपर्यंत वाचला आणि रुमाल काढला.

"ताई, यात पाण्याचं तापमान पण दिलंय."

मला काही कळेना. आत्याबाईंना अक्षर येत नाही, पण त्या ताडकन उठल्या. "बोडी हाय वं ते! माह्या मासोळ्या मरून राह्यल्या!"

चिमटा बोटालाच घेऊन त्या ऑटोत बसल्या. सिस्टर मागे धावली, तेव्हा परत दिला.

बोडीवर पोचलो तर मासोळ्या वर येऊन तोंडं उघडीत होत्या. नामदेवभाऊंनी मोटर सुरू केली, पाइप उंच धरून पाणी उडवत राहिले. आत्याबाई कमरेइतक्या पाण्यात उतरून परातीनं पाणी खळबळवू लागल्या. मीही उतरले. तासाभरानं एकेक मासोळी खाली गेली. पाच-सहा मेल्या, बाकी सगळ्या वाचल्या. मी काठावर बसून भोकाड पसरलं.

नामदेवभाऊंचे, सिस्टरचे, त्या तरंगत्या यंत्राचेसुद्धा उपकार मी विसरणार नाही. त्यानं आपलं काम चोख केलं होतं, घोळ माझा.

संध्याकाळी चहा देताना मी आत्याबाईंची माफी मागितली.

"माफी कायची?" त्या म्हणाल्या. "माह्यासाठी इतकं कोणी धावलं नाई आजवर. दवाखान्यात तुले रडताना पाहून बरं वाटलं मले."

माझे डोळे भरून आले.

चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पण मासोळ्यायसाठी जरा जास्तच रडली तू."