साडूभाऊंचे पाय

उभ्या बुलढाणा जिल्ह्यात एका वेळी सात पाय असलेला एकच माणूस झाला. त्या सातांपैकी तीन पाय जळालेले होते, आणि तरीही हा माणूस रोज सकाळी दोन मैल फिरून येत असे. हा माणूस म्हणजे माझे साडू. यात अतिशयोक्ती असलीच तर ती त्या दोन मैलांत आहे. पाय मी स्वतः मोजले आहेत.

पाय म्हणजे तळहातावर मावणारा कंप्युटर. एक हिरवी पट्टी, तिच्यावर रुपेरी ठिपक्यांची नक्षी आणि कडेला तारा खुपसायची भोकं, एवढाच त्याचा संसार. डबा नाही, पडदा नाही, टाइप करायच्या कळा नाहीत. शिकणाऱ्या पोरांना आणि हौशी माणसांना परवडावा म्हणून तो विलायतेत कुणीतरी बनवला. त्याच्या नावात पुढे कुठल्याशा विलायती फळाचं नाव येतं आणि मागे 'पाय' येतो. साडूभाऊंनी फळ टाकून दिलं आणि पाय धरले. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर माणसं सहसा देवाचे धरतात. यांनी पार्सलने मागवले. जानेफळच्या पुढे, जिथे पोचेपर्यंत एसटीत कंडक्टर आणि आपण एवढेच उरतो, अशा गावात ते आणि आमची ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, असे दोघेच राहतात. मुलगा पुण्याला असतो. घर ऐसपैस आहे, पण बसायला जागा नसते, कारण प्रत्येक खुर्चीवर एखादा पाय थंड होत पडलेला असतो.

या शब्दाने आमच्या सासुरवाडीत जो हाहाकार माजवला तो मी जन्मात विसरणार नाही. एकदा साडूभाऊंनी मेहकरला सासूबाईंना फोन केला आणि बोलता बोलता सांगितलं, "बाकी सारं बरं हाये. काल एक पाय जळला. दुसरा मागोला हाये, येईन आठ दिवसांत." सासूबाईंनी फोन ठेवला आणि हंबरडा फोडला. घटकाभरात त्या, मी, माझी बायको, कोरफडीचा अख्खा गड्डा आणि मलमाची बाटली असे जीपमध्ये कोंबले जाऊन निघालो. दार साडूभाऊंनीच उघडलं.

"हे काय! तुम्ही तर उभे!" सासूबाई ओरडल्या.

"मंग काय झोपून दार उघडू?"

"अन् पाय?"

साडूभाऊंनी आत जाऊन एक काळवंडलेली पट्टी तळहातावर आणून दाखवली. सासूबाईंनी पट्टीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली. "हे मलम ठेवा जावाई. डोक्याले लावजा."

पायाला डबा नसतो, म्हणून साडूभाऊ त्याला साबणदानीत ठेवतात. त्यांच्या मते जगात पायाच्या मापाची वस्तू माणसाने आजवर एकच बनवली आहे, आणि ती म्हणजे झाकणाची साबणदानी. परिणामी ताईच्या घरात साबण कागदावर असतो आणि कंप्युटर साबणदानीत. मुक्कामाला गेलो असताना एकदा मी आंघोळीला बसलो, डोळे मिटून अंगावर तांब्या ओतला, चाचपडत दानी उघडली आणि आतली वस्तू छातीला घासली. फेस आला नाही. ओरखडे आले. बाहेरून साडूभाऊ दार बडवत होते, "भाऊ, पाणी लावू नका त्याले! पाणी लावू नका!" माझं काय झालं, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

आणि या साऱ्याचा उपयोग? एकदा त्यांनी दुधाच्या पातेल्यावर एक तार सोडली, ती पायाला जोडली आणि पाय टीव्हीला जोडला. ताईची मालिका ऐन रंगात आलेली असताना पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली: दूध उतू गेले आहे. ताई तोवर ओटा पुसत होती.

"अहो, हे मले नाकानं समजलं. तुमच्या पायाले आता समजून राह्यलं काय?"

"पण तो खोटं बोलला काय?" साडूभाऊ म्हणाले.

खोटं बोलत नाही, हा त्यांना पायाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. दुसरा गुण लहानपणाचा. "लहान हाये म्हणून तर खरा हाये," असं ते म्हणतात, आणि मोठ्या डब्याच्या कंप्युटरविषयी ते गावजेवणातल्या बिनकामाच्या पुढाऱ्याविषयी बोलावं तसं बोलतात.

म्हणूनच शाळेच्या खोलीचं प्रकरण त्यांच्या जिवावर आलं. गावच्या शाळेत कंप्युटरची एक खोली आहे. फार पूर्वी आलेले कंप्युटर उंदरांनी आतून खाऊन संपवले होते. एक पडदा आणि एक भलामोठा रिकामा डबा तेवढा शाबूत होता. माउस पोरं पुस्तकात पाहत, उंदीर खोलीत. आता वरून साहेब येणार होते, आणि खोलीत कंप्युटर दिसला नाही तर तिथे पोषण आहाराचं धान्य भरून कुलूप लागणार होतं. साडूभाऊंकडे जळता जळता दोनच पाय उरले होते. त्यातला एक साबणदानीत घालून ते मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. मी सोबत होतो.

"बाई, पोरं तुमची, पाय माह्या. चालवा."

बाईंनी झाकण उघडून पाहिलं. पडद्याला जोडून दाखवला तेव्हा पोरं ओरडली, बाईही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, चालते तं झकास. पण साहेबांले खोलीत कंप्युटर दिसला पाह्यजे. हा दिसत नाई. हा साबण दिसते."

साडूभाऊ त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी शाळेत गेले, उंदरांचं घरटं झाडून काढलं आणि तो तळहाताएवढा जीव त्या अवाढव्य डब्याच्या तळाशी बसवून झाकण लावलं. एखाद्याने चिमणी हत्तीच्या पोटात ठेवून हत्तीला चिवचिव करायला लावावं, तसा तो देखावा होता.

साहेब आले. पडद्यावर पोरांनी काढलेली रंगीत चित्रं फिरत होती, पण साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी डब्यावर थाप मारली. डबा घुमला.

"वा! याले म्हणतात माल. आजकालच्या त्या लहान लहान वस्तूंमध्ये दम नसते."

मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांच्या मानेवरची शीर टरारली होती. तोंड उघडलं होतं. मागे शिपाई नवं कोरं कुलूप हातात घेऊन उभा होता, आणि बाई त्या कुलुपाकडे पाहत होत्या. पोरंसुद्धा त्याच्याकडेच पाहत होती.

"हाव साहेब," साडूभाऊ म्हणाले. "दम नसते."

खोली वाचली. साहेबांची गाडी वळणाआड गेल्यावर साडूभाऊंनी पेचकस काढला आणि डबा उघडला; म्हणाले, त्याला घाम आला असेल. तेवढ्यात ताई त्यांचा जेवणाचा डबा घेऊन आली. आयुष्यभर पायांच्या नावाने बोटं मोडणारी ही बाई त्या उघड्या कंप्युटरच्या डब्यावर वाकली. आत पाय कोपऱ्यात बसला होता. बाकी सगळी जागा मोकळी.

"अहो, हे एकटंच राह्यते काय इथं?" तिने विचारलं.



दुसऱ्या दिवशी घरातला उरलेला पाय रुमालात गुंडाळून तीच घेऊन आली आणि पहिल्याच्या शेजारी ठेवून गेली. परवा मी त्या गावी गेलो तेव्हा वर्ग भरलेला होता, झाकण पक्कं बसलेलं होतं. मी साडूभाऊंना विचारलं, "तो दुसरा काय काम करतो?"

"काम नाई करत," ते म्हणाले. "वीजबी देली नाई त्याले. नुसता हाये."