ओळंब्याचं वजन

कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की कललेली हे बघायला गवंडी दोऱ्याला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याला दोरा लागत नसे. खिडकीच्या चौकटीसमोर उभा राहायचा, एक डोळा बारीक करायचा आणि सांगायचा, उजवी बाजू दोन सूत खाली आहे. मोजपट्टी लावली की दोन सूतच निघायचं. सव्वीस वर्षं तो काचा बसवत होता, त्यातली एकोणीस साडूबरोबर. मोठं तावदान एकट्याने उचलायची सोय नसते. दोघांनी काचेला घट्ट चिकटणाऱ्या रबरी पकडी लावायच्या, श्वास एक करायचा आणि उचलायचं. साडू पुढे, हा मागे. जिन्यात कुठे वळायचं, कुठे झुकवायचं, हे मागचा सांगतो. एकोणीस वर्षांत सांगायची गरज जवळजवळ संपली होती.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यातली थोरली याची. ती एका छापखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. रोज साठ माणसं तिच्या हातचं जेवायची आणि मागून घ्यायची. तिचा हात सढळ होता, तेलालाही आणि लोण्यालाही. नवरा बहात्तर किलोचा, दंड भरलेले. ते ती आपलंच काम समजायची.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याच्या पोटात दुखायला लागलं. जेवण झालं की तासाभरात बरगड्यांखाली कळ यायची आणि थेट पाठीत निघायची. पित्त असेल म्हणून त्याने गोळ्या चघळल्या. मग शौचाला पातळ व्हायला लागलं, पाण्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला. हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडाने, म्हणून तो गप्प बसला. तीन महिन्यांनी एका इमारतीच्या परांचीवर तो जागच्या जागी दुमडला. साडूने त्याला कंबरेला धरून खाली उतरवलं आणि परस्पर इस्पितळात नेलं. तिथे आठ दिवस गेले.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला एक लांबट आकृती काढली आणि सांगितलं की हे स्वादुपिंड, ते थकलंय. तेल-तूप पचवायला जो रस लागतो तो आता पुरेसा तयार होत नाही. दारूबद्दल त्यांनी दोनदा विचारलं. त्याने आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. काही वेळा कारण सापडत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी विषय संपवला, पण नातेवाइकांनी संपवला नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण आडून आडून तेच विचारून गेला. शेवटी कॅप्सूल लिहून मिळाल्या, आणि तेल-तूप कमी करा, तळलेलं बंद करा, असा सल्ला मिळाला.

डॉक्टर कमी म्हणाले होते. याने बंद ऐकलं. अर्धं सूत इकडेतिकडे चालवून न घेणारा माणूस. त्याने घरी येऊन स्वयंपाकघराला हुकूम सोडला की आपल्या ताटात तेलाचा थेंब नको. उकडलेला दुधी, उकडलेलं गाजर, पातळ सूप, सोबत दोन पाव. दूध बंद, अंडी बंद, मासे बंद. शंका आली की ती वस्तू बंद. बायकोने चार दिवस वाद घातला आणि मग पातेलं वेगळं केलं.

कळ मात्र थांबली. पहिला महिना तो त्याच आनंदात होता. पोट शांत आहे म्हटल्यावर बाकी सगळं आपोआप जागेवर येईल, असं तो धरून चालला होता. तसं झालं नाही. पट्ट्याला त्याने खिळ्याने एक नवं भोक पाडलं, मग दुसरं, मग तिसरं. चार महिन्यांत वजन एकोणसाठवर आलं. गालफडं बसली, खांद्यांची हाडं सदऱ्यातून वर आली. कामावरचा प्लंबर म्हणाला की ओळंब्याचं वजन पडलं, आता नुसता दोरा उरलाय. सगळे हसले, तोही हसला. शेजारणीने सांगितलं की सकाळी अनशापोटी चमचाभर तूप घ्या, सगळे आजार पळतील. तिला हो म्हणून तो घरात आला.

एका दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर दर्शनी खिडकीचं तावदान चढवायचं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पकड त्याच्या हातातून सरकायला लागली. हातमोज्याच्या आत बोटं त्याची नव्हतीच, असं त्याला वाटलं.

"ठेव," तो म्हणाला.

साडूने वळून पाहिलं आणि ठेवलं. लाकडी ठोकळ्यांवर काच टेकली. एकोणीस वर्षांत जिन्याच्या मध्यावर त्यांनी कधी काच टेकवली नव्हती. त्या दिवशी ती चार वेळा टेकली. वर पोचल्यावर दवाखान्याच्या व्यवस्थापकाने काच नीट निरखून पाहिली, जणू काही या दोघांनी ती वाटेत वापरली होती.

पुढच्या सोमवारी साडू एका उंच माणसाला घेऊन आला. वेल्डरचा भाऊ, पाठ दारासारखी रुंद. साडूने काही स्पष्टीकरण दिलं नाही, यानेही विचारलं नाही. उचलायला ते दोघे गेले. याच्या वाट्याला मापं, पुट्टी आणि काच पुसणं आलं. घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. पण धाकटीने थोरलीला फोनवर सांगितलं, आणि मग थोरलीचं डोकं फिरलं.

तिने नवऱ्याशी वाद घातला नाही. कुस्करलेल्या बटाट्यात एक चमचा लोणी घातलं. दुसऱ्या दिवशी दोन. सूपमध्ये थोडी साय फेटून घातली. तो म्हणाला, आज सूपला चव आहे. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिसऱ्या दिवशी तिने हात आणखी सैल सोडला. पाचव्या दिवशी दुपारी, एका रिकाम्या फ्लॅटमध्ये काच पुसता पुसता, कळ आली. दाराला कडी लावून तो न्हाणीघरात उलट्या बादलीवर तासभर बसून राहिला. फरशीच्या रेघा मोजत होता. आपण तर सगळं तंतोतंत पाळलं, मग चूक कुठे झाली, हे त्याला कळत नव्हतं.

घरी येऊन त्याने आठवड्यात काय काय खाल्लं ते एकेक करून मोठ्याने आठवायला सुरुवात केली. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. बटाट्यावर आल्यावर ती थांबली.

"मी घातलं लोणी," ती म्हणाली. "सोमवारपासून."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?" ती वळली. हात तसेच ओले होते. "साठ माणसं माझ्या हातचं खाऊन बाळसं धरतात आणि माझ्या घरात माणसाची हाडं मोजता येतात. मी काय करायचं ते तुम्ही सांगा."

त्याला राग येत नव्हता. लोणी घातलं तर कळ, नाही घातलं तर हाडं, एवढंच त्याला दिसत होतं. तिनेच दुसऱ्या दिवशी कँटीनमधून सुट्टी काढली आणि इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. डॉक्टरांनी तिथे जायला सुरुवातीलाच सांगितलं होतं. काय खायचं हे शिकायला कशाला जायचं, म्हणून तो गेला नव्हता.

बाई तरुण होत्या. त्यांनी काल सकाळपासूनचं सगळं खाणं सांगायला लावलं, वाट्या-चमच्यांसकट. लिहून घेतलं, बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं.

"तेल काढलंत ते ठीक. त्याच्या जागी काय ठेवलंत?"

"काही नाही," तो म्हणाला.

"मग अंग कशावर चालणार?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. बाईंनी समजावून सांगितलं की एवढ्याशा तेलात ताकद पुष्कळ असते. ते काढलं तर तेवढी ताकद भरून काढायला दुसऱ्या वस्तू बऱ्याच खाव्या लागतात. दुधी आणि सूप पोट भरतात, अंगाला काही देत नाहीत. ती आधी मागे सारा. भात, बटाटे, पाव, दाट डाळ पुढे आणा. पावाला लोण्याऐवजी जॅम किंवा मध. केळी, खजूर. अंड्याचा पांढरा भाग, कातडी काढलेली कोंबडी, पांढरा मासा. साय काढलेलं दूध, आणि त्यात साय काढलेल्याच दुधाची पावडर, म्हणजे एका पेल्यात दोन पेल्यांचं काम. तीनदा पोट फुटेस्तोवर नाही, सहा वेळा थोडं थोडं. आणि तेल अगदी शून्य करायचं नाही. लहान चमच्याने मोजून, दिवसभरात विभागून, कळ येते का बघत बघत. सगळं एका जेवणात ओतलं की पोट बंड करतं.

मग त्यांनी विचारलं की कॅप्सूल कधी घेता. जेवण झाल्यावर, पाण्याबरोबर, त्याने सांगितलं. बाईंनी कपाळाकडे हात नेला आणि सावरून परत घेतला. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची होती. ती अन्नात मिसळली तर काम करते. पाच महिने ती उशिरा पोचत होती.

नंतरचा अर्धा तास तो नुसता बसला होता. बोलत होती बायको. कांदा तेलाशिवाय लाल कसा करायचा, डाळीला वास कुठून आणायचा, मासा कोरडा पडू नये म्हणून काय करायचं. बाईंना काही उत्तरं आली, काही नाही आली. घरी जाताना बायको म्हणाली की मुलगी हुशार आहे, पण तिने कधी साठ माणसांचा स्वयंपाक केलेला नाही.

तिने ते आपल्या अंगावर घेतलं. कांदा कोरड्या कढईत टाकायचा, तळाला लागायला लागला की पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा लागू द्यायचा. अशा सहा हबक्यांत तो तपकिरी होतो हे तिने शोधून काढलं. मसाला कोरडा भाजून वरून घातला की डाळीला वास येतो. साय काढलेल्या दुधाचं दही तिने फडक्यात टांगलं आणि ते इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. सगळंच जमलं असं नाही. नुसत्या पांढऱ्या अंड्याचा तिने केक केला, तो साडूने बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाला की खिडकीच्या फटीत भरायला उत्तम आहे. तिने तो उचलून कचऱ्यात टाकला आणि पुढच्या रविवारी पुन्हा करून पाहिला. दुसराही तसाच झाला. तिसरा तिने केला नाही.

त्याला मात्र खाण्याचं काम लागलं. सहा वेळा खाणं म्हणजे एक नोकरीच असते, हे त्याला तोपर्यंत माहीत नव्हतं. भूक नसताना खायचं, परांचीवर बसून खायचं, हात पुट्टीचे असले तर धुऊन यायचं आणि खायचं. दहाला जॅमपाव आणि केळं, चारला मीठ लावलेले उकडलेले बटाटे. प्लंबरने डोहाळे लागलेत का म्हणून विचारलं. पहिले दोन आठवडे काटा हलला नाही. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर दर रविवारी तो चप्पल काढून उभा राहायचा आणि बायको आकडा वाचायची. तिसऱ्या रविवारी अर्धा किलो वाढला होता. तिने त्याला उतरून पुन्हा चढायला लावलं.

मध्ये एक ताप आला आणि मिळवलेलं सगळं घेऊन गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आठ महिन्यांनी काटा चौसष्टवर गेला, वर्षाने सहासष्टवर, आणि तिथे थांबला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जीवनसत्त्वं पाहिली आणि सांगितलं की इथे थांबलं तरी चालेल. बहात्तर परत आलं नाही.

त्याच सुमारास एका शिंप्याच्या दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. वेल्डरचा भाऊ आणि साडू पकडी लावत होते. साडू थांबला आणि तिसरी पकड त्याने याच्यापुढे धरली.

"तेव्हा जिन्यात मला काचेची भीती नव्हती," साडू म्हणाला. "तू खाली गेला असतास. तुझ्या बायकोला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं."

"मला सांगायचंस."

"कसं सांगणार," साडू म्हणाला.

त्याने पकड घेतली. तिघांनी काच उचलली. मागून तो सांगत होता, डावीकडे, अजून, आता खाली. वेल्डरच्या भावाला त्याची सवय नव्हती म्हणून सगळं बोलून सांगावं लागत होतं. काच चौकटीत बसली. त्यानंतर मोठी काच तिघांनीच उचलायची असं ठरून गेलं. साडूचे गुडघेही आता कुरकुरत होते, ते त्याने इतके दिवस सांगितलं नव्हतं.

कँटीनमध्ये बायकोने एक लहान पातेलं वेगळं ठेवायला सुरुवात केली. छपाई यंत्रावरचा एक कारागीर कित्येक महिने नुसता पाव आणि चहा घेऊन उठायचा. पित्ताशय काढल्यापासून त्याला तेलाचं सोसत नव्हतं आणि तो सांगायला लाजत होता. तिने त्याला एक दिवस विचारलं, आणि सहा हबक्यांच्या कांद्याची डाळ त्याच्यापुढे ठेवली. त्याने भातावर घेतली, संपवली आणि उद्याही आहे का म्हणून विचारलं. आहे, ती म्हणाली. पुढच्या महिन्यात त्या पातेल्यातून सात जण जेवत होते आणि तिला थोडं मोठं पातेलं शोधावं लागलं.