काथ्याच्या पिशव्या

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

लोणावळ्याजवळच्या धरणावर पाहणीसाठी एक लाकडी लाँच होती. मी ती चालवायचो, बबन माझ्या हाताखाली. धक्क्याच्या दगडी भिंतीवर आपटू नये म्हणून लाँचच्या दोन्ही अंगांना मोटारीचे जुने टायर बांधलेले असत. एका वर्षी तिला नवा पांढरा रंग दिला आणि टायर घासून त्यावर काळे पट्टे उठू लागले. मला ते बघवेना. लाँच काय माझी होती? पण मिरवायचो मीच. टायर काढून टाकले, गोणपाटाच्या पिशव्यांत काथ्या ठासला आणि त्या भिंतीतल्या कड्यांना टांगल्या.

बबन म्हणाला, "इस्माईलभाऊ, भिंतीला नगा बांधू. पानी उतरलं की ह्या वरच ऱ्हातील."

खरंच होतं ते. वीजघराकडे पाणी सोडलं की तलाव उतरतो, लाँच खाली जाते, पिशव्या जागच्या जागी. मी म्हटलं, दोर सैल करत जाईन. काही दिवस केलेही. मग — मग कंटाळा केला. एवढंच.

उन्हाळ्यात एका दुपारी वाऱ्याने लाँच भिंतीकडे ढकलली. पिशव्या कितीतरी वर लोंबत होत्या. बबनने तिला थोपवायला हात घातला. उजवा पंजा दगड आणि फळीमध्ये चेचला.

त्याला टांग्यातून दवाखान्यात नेलं. मी मागे थांबलो. कशासाठी? दोर सोडून सगळ्या पिशव्या पाण्यालगत आणल्या. भिजवल्यासुद्धा — रोज तिथेच असतात असं दिसावं म्हणून. मनाला लागलं असेल, असं वाटतं तुम्हाला? काहीच वाटलं नाही. धरणावरचे साहेब आले, बघून म्हणाले, पिशव्या असताना याने हात कशाला घातला? मी मान हलवली.

पंजा कापावा लागला. बबनला कामावरून कमी केलं. पुढे एकदा तो धक्क्यावर आला, पिशव्यांकडे बघत उभा राहिला.

"भाऊ, खालीच व्हत्या का ह्या? मला तर वर दिसल्या."

"खालीच होत्या," मी म्हणालो.

"मंग माजंच डोळं फिरलं असंल."

नंतर वडगावच्या बाजारात भेटायचा. सोबतच्यांना सांगायचा, हात माझ्याच वेंधळेपणाने गेला, भाऊंनी सगळं नीट बांधलं होतं. डाव्या हाताने मला चहा पुढे करायचा. मी प्यायचो — गोड लागायचा, हेही सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात बबन वारला. मी मातीला गेलो होतो. तिथेही त्याच्या मुलाने लोकांना तेच सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं.

त्या दुपारी बबनला बरोबर दिसलं होतं.