आतून कडी नसलेलं दार

ओल्या चुन्याचा वास आला की मला कुंभकोणममधलं माझं लग्न आठवतं. ते पन्नासच्या दशकातलं. पूर्वी वेड्यांचं इस्पितळ असलेली, लांबच लांब ओवरीची जुनी इमारत चुना देऊन लग्नांना भाड्याने देऊ लागले होते. आम्ही सगळे तिथे त्या सकाळी पहिल्यांदाच आलो होतो, निदान मला तसं वाटत होतं. बाहेर नादस्वरम चालू होतं आणि मला नेसायला कोपऱ्यातली खोली दिली होती. सोबत आत्या होती. माझ्या लहानपणी ती बरीच वर्षं घरी नव्हती. तिरुप्पनंदाळला नातेवाइकांकडे आहे, असं आम्हा मुलांना सांगत. मी दार लोटलं आणि कडी शोधू लागले, तर आत्या साडीची घडी मोडता मोडता, मान वर न करताच म्हणाली, "आतून कडी नाहीं त्याला. तू नेस, मी बाहेर बसतें." ती बाहेर उंबऱ्याशी दाराकडे पाठ करून बसली. फुलं घेऊन आलेल्या बाईने दार ढकलायला हात पुढे केला, तेव्हा आत्या तिला तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, "आतली सांगेल तेव्हा उघडेल." माझं नेसून झालं होतं. तरी मी लगेच हाक मारली नाही, आत्याला ते दार आणखी थोडा वेळ राखू दिलं, याचं आज बरं वाटतं.