निवडून आलेली आई

चष्मेवाल्या ताईला गोड बोलणं जमत नाही, हे त्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक आरशात बघून "कशी दिसते?" म्हणालं की दुकानाचा मालक काउंटरखालून तिचा पाय दाबायचा, आणि तरीही ताई म्हणायचीच, "चेहरा गोल आहे तुमचा. या फ्रेममध्ये घुबड दिसताय." गिऱ्हाईक आधी रुसायचं, मग तिनेच काढून दिलेली फ्रेम घ्यायचं आणि पुढच्या खेपेला बहिणीला घेऊन यायचं. बारा वर्षं ती त्याच खुर्चीत बसून काचा बसवत होती, तिळाएवढे स्क्रू पिळत होती. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, घरी सासूबाई, आणि एकुलती एक लेक आठवीत. समिती, निवडणूक, ठराव असल्या गोष्टींशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

संबंध आला तो लेकीच्या आजारपणामुळे. लेक तापाने फणफणली, लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद बघितला आणि थेट लेकीलाच विचारलं, "शाळेत पाणी किती पितेस?"

"पीत नाही."

"का गं?"

लेकीने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. "प्यायलं की जावं लागतं. आणि तिथे कुलूप असतं."

ताईला तेव्हा कुठे कळलं. शाळेच्या तीन मजल्यांवर मुलींची तीन स्वच्छतागृहं होती आणि तास चालू असताना तिन्हींना कुलूप असायचं. मधल्या सुट्टीत पंचवीस मिनिटं उघडायची. तेवढ्यात साडेतीनशे मुलींची रांग. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी नळ तोडला, भिंतीवर काहीबाही खरडलं, म्हणून मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारात कुलपं घातली. पुढे नळ बदलला, भिंत रंगवली. कुलपं तेवढी राहिली. साडेतीनशे मुली सकाळी घरून निघताना घोटभर पाणी प्यायच्या आणि संध्याकाळी घरी आल्या की चपलाही न काढता आत पळायच्या, आणि साडेतीनशे घरांत कुणाला त्याचं नवल वाटत नव्हतं. तिच्याही घरात वाटलं नव्हतं. हेच तिला जास्त लागलं.

त्याच महिन्यात शाळा समितीवर पालकांचे तीन प्रतिनिधी निवडायचे होते, तीन वर्षांसाठी. समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, चार शिक्षक, संस्थेचे दोघे आणि हे तीन पालक. ताईने अर्ज भरला. सभागृहात प्रत्येक उमेदवाराला दोन मिनिटं दिली होती. ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "माझी मुलगी शाळेत पाणी पीत नाही. तुमचीही पीत नसेल. घरी जाऊन विचारा." आणि खाली बसली.

सगळ्यांत जास्त मतं तिला पडली.

"आता घरातही हात वर करूनच बोलायचं का आम्ही?" सासूबाई म्हणाल्या. पण शेजारणीला त्यांनीच दोनदा सांगितलं, सून निवडून आली म्हणून.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा निरोप आला. सवडीने येऊन जा.

मुख्याध्यापक आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, अभिनंदन केलं, दुकान कसं चाललंय विचारलं. मग समोरची फाईल उघडली आणि एका कागदावर बोट ठेवलं.

"तुमची लेक आपल्या हद्दीतली नाही, नाही का ताई?"

शाळा आसपासच्या गल्ल्यांतल्या मुलांना घ्यायची. त्यापलीकडे वीस जागा मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या होत्या, आणि त्यांचा अर्ज दर वर्षाअखेरीला नव्याने भरावा लागे. तीन वर्षांपूर्वी ती सहा दिवस सकाळी याच दाराबाहेर बसली होती. जागा मिळाली तेव्हा म्हणाली होती, "सर, तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही." घराजवळची दुसरी शाळा म्हणजे एका वर्गात नव्वद मुलं आणि विज्ञानाला शिक्षकच नाही.

"नाही सर. हद्दीतली नाही."

"असू दे, असू दे. मी सहज फाईल चाळत होतो." त्यांनी फाईल मिटली. "मुलीचं आजारपण कळलं. वाईट वाटलं. हे तिच्यासाठी." खणातून एक निळं कार्ड निघालं, शाळेचा शिक्का मारलेलं. "हे दाखवून ती केव्हाही शिक्षिकांच्या स्वच्छतागृहात जाऊ शकते. कुणी अडवणार नाही."

ताईने कार्ड घेतलं. एवढंच नाही, "आभारी आहे सर" असंही म्हणाली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण कुलपाबद्दल एक अक्षरही बोललो नाही.

फाटकाशी बेकरीवाले भेटले. तेही पालकांमधून निवडून आलेले. गडगडून हसणारे, अंगाला कायम पावाचा वास.

"काय मग वहिनी, तुम्हाला काय मिळालं?"

"म्हणजे?"

"अहो, निवडून आल्यावर काहीतरी मिळतंच. माझ्या पोराला फुटबॉलच्या संघात घेतलं. चेंडू कुठल्या बाजूला मारायचा ते त्याला अजून कळत नाही! औषधवाल्यांच्या मुलीला हवी ती तुकडी दिली." औषधवाले म्हणजे तिसरे प्रतिनिधी. बेकरीवाल्यांनी आवाज खाली आणला. "सर कुणाकडून काही काढून घेत नाहीत हो. देतात. तीच तर पंचाईत आहे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या कार्डाची गत झाली. लेकीने ते उलटसुलट करून बघितलं.

"सगळ्यांना मिळणारे?"

"सध्या तुला."

"मग मैत्रिणी रांगेत उभ्या असताना मी हे दाखवून आत जाऊ?"

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? पुन्हा आजारी पडायचंय का?" ताई खेकसली. लेकीने कार्ड कंपासपेटीत टाकलं आणि झाकण जरा जास्तच जोरात लावलं.

पहिल्या बैठकीत कुलपाचा विषय चौथा होता. ताईने तो रीतसर लेखी दिला होता आणि काय बोलायचं ते दुकानातल्या पावतीच्या पाठीमागे लिहून आणलं होतं. ती बोलायला उठणार तेवढ्यात मुख्याध्यापक मायेने म्हणाले, "ताईंच्या मुलीची अडचण आपण सोडवली आहे, हे आधी समितीला सांगतो. बोला ताई."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. एक शिक्षिका हसल्या, चांगल्या मनानेच. हातातल्या पावतीवर तिने लिहिलं होतं, 'माझ्या मुलीला झालं ते उद्या कुणालाही होईल.' ते वाक्य आता वाचता येईना. बेकरीवाले छताच्या पंख्याची पाती मोजत होते. औषधवाल्यांना एकाएकी खोकल्याची उबळ आली. मतदान झालं तर काय होणार ते तिला दिसत होतं. आणि मतदानात आपला हात वर गेला, तर वर्षाअखेरीच्या त्या अर्जाचं काय होणार, तेही दिसत होतं.

"मला वाटतं," ती म्हणाली, "जरा विचार करून... पुढच्या बैठकीत घेऊ या का?"

"उत्तम," मुख्याध्यापक म्हणाले. "घाई कशाला?"

आपण वेळ मिळवला, हरलो तर नाही, अशी स्वतःची समजूत घालत ती घरी आली. समितीच्या बैठकीचा वृत्तांत फाटकाजवळच्या फलकावर लावतात, हे तिला माहीत नव्हतं. सोमवारी तो लागला. चौथ्या विषयापुढे टाइप केलं होतं, 'पालक प्रतिनिधी (चष्म्याचे दुकान) यांच्या सूचनेवरून सदर विषय तहकूब.' अक्षर न अक्षर खरं होतं.

"आमच्या मुलींनी आता पुढच्या बैठकीपर्यंत धरून ठेवायचं का हो ताई?" फाटकाशी एक आई म्हणाली. बाकीच्या हसल्या. दुसरी म्हणाली, "त्यांच्या मुलीला कार्ड आहे म्हणे. निळं."

ताईने त्या दिवशी दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या फ्रेममध्ये डावी काच उजवीकडे बसवली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आम्ही पहिली गोष्ट सांगतो. दार ओढू नका, शांत बसा, बाहेरून कुणीतरी येईल."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"येतं गं. मी असतो ना."

"तुम्ही समितीत नाही," ती म्हणाली, आणि ताटं उचलली.

तिने राजीनामा लिहिला. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला. नियमाप्रमाणे राजीनामा स्वीकारायचा अधिकार अध्यक्षांचा, म्हणजे त्यांचाच होता. "छे छे, ताई. पालकांनी एवढ्या विश्वासाने निवडलंय तुम्हाला. त्यांच्या मताचा अपमान मी करू?" ते खरोखर दुखावल्यासारखे दिसत होते.

पुढच्या महिन्यात एक दिवस लेक शाळेतून आली ती सरळ अंथरुणात जाऊन पडली. तोंड भिंतीकडे. आजीने विचारलं, बापाने विचारलं. शेवटी ताई नुसती शेजारी जाऊन पडली, तेव्हा लेक बोलली. गणिताच्या तासाला तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने तीनदा परवानगी मागितली होती. बाई तरी काय करणार, किल्ली खालच्या खोलीत. चौथ्यांदा मैत्रीण उभीच राहिली नाही. बाकाखाली पाणी पसरलं. मागची मुलं हसली.

"तिने मला आधी विचारलं होतं आई. हळूच. कार्ड दे म्हणाली." लेकीने पांघरूण वर ओढलं. "मी नाही दिलं. दिलं असतं आणि पकडलं असतं, तर तुला सरांनी बोलावलं असतं ना. तुला त्रास झाला असता."

ताईला कुणी धमकी दिली नव्हती, कुणी ओरडलं नव्हतं, तरी तिच्या चौदा वर्षांच्या लेकीने सगळा हिशोब अगदी बरोबर मांडला होता. आईसारखाच.

दुसरी बैठक वर्षाच्या अखेरीस आली. संस्थेचे दोघे आणि एक शिक्षक आले नव्हते. सातच जण हजर. सात भरल्याशिवाय बैठक भरत नसे. ताई या वेळी पावती घेऊन आली नव्हती. विषय निघाल्यावर ती म्हणाली, "सर, हे तुमचं कार्ड," आणि ते टेबलावर ठेवलं. "माझ्या मुलीची अडचण सुटलेली नाही. तिच्या वर्गात काय झालं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कुलपं काढा. मतदान घ्या."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली, जणू एखाद्या हुशार विद्यार्थिनीने उत्तर दिलं होतं.

"कुलपं काढावीत, या बाजूने?"

ताईचा हात वर गेला. बेकरीवाल्यांचा हात टेबलावरून उठला, कोपरापर्यंत आला, आणि त्यांनी त्याच हाताने कपाळ पुसलं. औषधवाले कागद वाचत होते. गणिताच्या बाईंचे डोळे भरले होते, पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"एक," मुख्याध्यापक म्हणाले. "विरोधात? ... ठीक. बहुमत नाही. ठराव नामंजूर. पुढचा विषय, मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या जागांचं नूतनीकरण." त्यांनी चष्मा काढून पुसला. तो ताईनेच बसवून दिलेला होता. "ताई, तुमच्या मुलीचा अर्ज यात आहे. नियमाप्रमाणे तुम्हाला या विषयापुरतं बाहेर थांबावं लागेल."

बाहेर लहान मुलांचा बुटका बाक होता. गुडघे छातीशी येत होते. दारामागून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. एकदा खुर्ची सरकली. एकदा बेकरीवाले हसले, पण त्यांचं नेहमीचं गडगडणारं हसू नव्हतं ते. आत्ता आतमध्ये माझ्या लेकीसाठी कुणीतरी हात वर करायचा आहे, तिच्या मनात आलं, आणि तो हात किती जड होतो ते मला पक्कं माहीत आहे. तिला त्यांचा राग यायला हवा होता. येईना. पुढच्या वर्षापासून नव्वद मुलांच्या वर्गात लेक कुठल्या बाकावर बसेल, विज्ञान कोण शिकवेल, आणि लेकीला हे सांगताना आपण काय तोंड करू, याचाच विचार येत राहिला. उठून सरळ घरी जावं, असंही एकदा वाटलं. पिशवी तिने खांद्याला लावलीसुद्धा.

दार उघडलं. शाळेचे कारकून बाहेर आले.

"चला ताई, आत बोलावलंय."

"अर्जाचं काय झालं?"

"ते सर मागाहून कळवतील."

"मागाहून म्हणजे कधी?"

"बघतायत सर." कारकुनांनी नजर चुकवली. "चला ना. अजून तीन विषय राहिलेत, आणि तुमच्याशिवाय सात होत नाहीत."

"मग आत्ता कसा चालला विषय? आत सहाच जण होते."

"मी विचारलं तसं," कारकून म्हणाले. "सर म्हणाले, त्या दाराबाहेर असल्या तरी बैठकीतच धरायच्या."

ताईने मनात समितीची मुदत मोजली. अजून दोन वर्षं आणि चार महिने. मग तिने खांद्यावरची पिशवी काढून हातात घेतली आणि आत गेली. तिची खुर्ची कुणीतरी टेबलाच्या आणखी जवळ सरकवून ठेवली होती.