दहाच्या आतले डाव

आमच्या ह्यांचं गेम पार्लर बावीस वर्षांचं. मुलांनी बटणं बडवायची आणि आईबापांनी आमच्या नावानं बोटं मोडायची, असा हा धंदा! पूर्वी मशीन विकत घेतलं की झालं, गेम त्याच्या पोटातच असायचा. आता तो नेटवरून येतो. दरमहा भाडं भरा, वर प्रत्येक डावामागे कंपनीला वाटा द्या. नाही दिला तर पडदा काळा.

यंदा तो वाटा वाढला आणि आमच्या नाकी नऊ आले. "रविवारी जुन्या मशीनवाल्याला बोलावलंय. सगळं विकून टाकू," असं म्हणून हे अर्ध्या जेवणावरून उठले. मला रडू आलं आणि संतापही. बावीस वर्षं आम्ही काय गोट्या खेळलो?

शनिवारी मी कंपनीचं बिल घेऊन बसले. त्यात प्रत्येक डावाची वेळ छापलेली. सकाळी आठ पाच, आठ आठ, आठ अकरा... रोजच! आमचं शटर तर दहाला उघडतं.

"अहो, दहाच्या आत कोण खेळतं?"

"मी. बटणं तपासायला नकोत? बारा मशीनं, प्रत्येकावर तीन डाव. पहिल्यापासून करतोय."

"आणि त्याचा वाटा?"

"मी कुठे नाणं टाकतो? आतून सुरू करतो."

"अहो, कंपनी नाणी नाही मोजत, डाव मोजते!" मी कपाळावर हात मारला. बिलाचा चौथा हिस्सा ह्यांनीच खेळून संपवला होता. हे ओशाळून चष्मा पुसत बसले.

लगेच कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "तपासणीचा वेगळा मेनू आहे, तो मोजला जात नाही." वाटा काही कमी झाला नाही, पण आता तग धरता येणार होता. रविवारी मशीनवाला आला, नुसता चहा पिऊन गेला.

सोमवारी ह्यांनी मेनूतून बाराही मशीनं तपासली. दहा मिनिटांत काम उरकलं. मग हात मागे बांधून नुसते उभे! मला बघवेना. कोपऱ्यात आमचं पहिलंवहिलं मशीन होतं, नेटशिवाय चालणारं. त्याच्यावरची चादर मी ओढली आणि ह्यांच्या शेजारी उभी राहिले. इतक्या वर्षांत मी बटणाला हातही लावला नव्हता. साफ हरले.

"ह्याचे पैसे नाही ना पडत?"

"छदामही नाही."

"मग लावा अजून एक. दहाला वेळ आहे."