मी केलेली सुमनताई

सुमनताईची आणि माझी ओळख झाली ती माझं भांडण ऐकून. चाकणजवळ मेदनकरवाडीत एका गॅलरीला लागून आठ खोल्या. सातवी माझी, आठवीत सुमनताई आणि तिची करिष्मा. दार लावून मी एका नाटकातली सासू आणि सून, दोघींचे संवाद पाठ करत होते. तिनं दार वाजवलं, आत डोकावली, दुसरं कुणीच नाही हे बघून म्हणाली, "एकटीच भांडायलीस व्हय? मग दम खा, चहा घे."

सुमनताई परभणीकडची. नवरा वारल्यावर लेकीला घेऊन इकडे आली आणि पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसवर लागली. तिच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं पेरापाशीच संपतात. तो हात ती ओढणीखाली ठेवते. आता दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. दहावी नापास, पण फोनवर विज्ञानाचे व्हिडिओ बघण्याचा भारी नाद. विमान हवेत कसं टिकतं, हे तिनं लसूण सोलता सोलता मला आणि करिष्माला समजावलंय, आणि मला तेव्हा ते पहिल्यांदा कळलं.

बोटांचं तिनं मला एका गुरुवारी सांगितलं. कंपन्यांची सुट्टी, करिष्मा शिकवणीला गेलेली. तिनं फरशीवर दोन वाट्या पालथ्या घातल्या.

"ही दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार. म्हंजे तुझे दोन्ही हात बटणावर. आत राहूच शकत न्हाईत. ज्यानं कुणी हे शोधलं त्याच्या पाया पडावं वाटतं."

मग तिनं एका वाटीवर लसणाची गड्डी ठेवली. सुपरवायझरनं डाव्या बटणाच्या फटीत वायसर, म्हणजे लोखंडी चकती, ठोकून ते कायमचं दाबून टाकलं होतं. एक हात मोकळा झाला की पत्रा भराभर सरकवता येतो, तासाला माल जास्त निघतो. लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं. अपघातानंतर चौकशी झाली तेव्हा तो वायसर कुणालाच सापडला नाही. कागदावर आलं, कामगाराचं दुर्लक्ष.

"लोकं काय बी म्हणोत," ती म्हणाली. "करिष्माला मी सांगितलंय, आईचं लक्ष होतं. तिला ते माहीत हाय, बास."

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असतो. तेव्हा कंपन्यांना वीस मिनिटांचं पथनाट्य लागतं आणि आम्हा नाटकवाल्यांना काम मिळतं. खेडच्या रस्त्यावरच्या एका कंपनीसाठी मी वायसरची गोष्ट लिहिली. सुमनताईला विचारलं नाही. नाव बदललंय, कंपनी वेगळी आहे, असं स्वतःला सांगितलं.

प्रयोगाआधी तासभर तिथल्या एचआरच्या निरंजन सरांनी संहिता वाचली. माणूस सज्जन. म्हणाले, छान आहे, फक्त ते वायसरचं काढा, समोर मॅनेजमेंट बसणार. चूक कामगाराची दाखवा. मोबाइल आणा, मोबाइल सगळ्यांना लागू होतो.

कॅन्टीनमधले पोहे खाता खाता मी ते बदललं. पोहे संपायच्या आत.

मोबाइलवर बाई काय बघत असेल? मला लगेच सुचलं. विमान. प्रेसवर उभी राहून, "बघ गं, एवढं लोखंड कसं उडायलंय," असं म्हणत मी हात आत घातला. तिचा हेल, तिची मान, तिची ओढणी, सगळं घेतलं. चारशे माणसं हसली. मला ते हसू फार आवडलं, हेही इथे लिहायला हवं.

कंपनीनं व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत तो चाकणच्या कामगारांच्या ग्रुपांवर फिरला. ज्यांना सुमनताई माहीत होती त्यांना नाव सांगावं लागलं नाही. मी निरंजन सरांना फोन केला, व्हिडिओ काढता येईल का विचारलं. ते म्हणाले की वरच्यांना फार आवडलाय, पुढच्या वर्षीही तुम्हीच या. मी थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या गुरुवारी सुमनताईनं नेहमीसारखी चहाला हाक मारली नाही. मीच गेले. ती चिडलेली नव्हती.

"चांगलं केलंयस," ती म्हणाली. "हुबेहूब मीच. तेच वाईट झालं. करिष्मानं विचारलं, आई, तू विमान बघत होतीस का? मी म्हणलं न्हाई. तर म्हणाली, मग ताईला कुणी सांगितलं? ताई तर तुझी मैत्रीण हाय. तवापासून बोलत न्हाई माझ्याशी."

करिष्मा कोपऱ्यात प्रयोगवही लिहीत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. वायसर, निरंजन सर, पोहे. तुझी आई खरं बोलतेय, खोटं मी केलं. बोलताना माझा आवाज कापला, आणि तो नेमक्या जागी कापलाय हे माझ्या लक्षात आलं.

तिनं वहीतून मान वर केली. "ताई, आत्ता खरं बोलतीयेस की करतीयेस?"

सुमनताईनं माझा फोन उचलून व्हिडिओ काढायला लेकीच्या हातात दिला. मला म्हणाली, "उभी राहू नको, बसूनच बोल. माझ्यावानी बोलू नको. तुझं नाव सांग, आन् काय काढायला लावलं, तू काय घातलंस, ते सांग."

माझ्या मनात पहिला विचार आला पुढच्या मार्चच्या कामाचा. मग मी बोलले. करिष्मा दोनदा मध्येच थांबवून म्हणाली, परत, तू करतीयेस. तिसऱ्यांदा मी अडखळले, "वायसर" म्हणायच्या जागी भलतंच बोलले, नाक पुसलं. तेवढा तिनं ठेवला.

जिथे जिथे पहिला व्हिडिओ गेल्याचं मला कळलं, तिथे तिथे हा पाठवला. आतापर्यंत एकोणतीस जणांनी पाहिलाय. निरंजन सरांचा फोन पुन्हा आला नाही.

करिष्मा आईशी त्याच दुपारी बोलली. माझ्याशी अजून नाही. सुमनताई बोलते. पाणी कधी येणार ते सांगते, गॅस संपला का विचारते. स्वतःचं मात्र काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही.